वाचकांचे प्रश्न : सोल, ब्लूज आणि रूट्स रॉकच्या कार्यक्रमाला जाताना

छोट्या सभागृहांत आणि क्लबांत होणाऱ्या आगामी सोल, ब्लूज (दोन्ही आफ्रिकी-अमेरिकी संगीतप्रकार) आणि रूट्स रॉक (लोकसंगीत, कंट्री यांच्या मुळांवर उभं असलेलं रॉक) कार्यक्रमांविषयी वाचकांनी बरंच विचारलं आहे. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : जाहिरातीत 'सोल रिव्ह्यू', 'ब्लूज ट्रिओ', 'रूट्स रॉक' असं लिहिलेलं असतं. तिकीट काढण्याआधी नेमकं काय ऐकायला मिळणार, हे कसं ओळखावं?

उत्तर : नावापेक्षा वाद्यांची यादी बघा, ती जास्त खरं सांगते.

ट्रिओ म्हणजे गिटार, बेस आणि ड्रम्स. गिटारवादक सोलोत (एकट्याच्या वादनात) शिरला की मागे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरायला कुणी उरत नाही. मग बेस भरगच्च वाजतो, ड्रमर मोकळ्या जागा भरून काढतो आणि एकूण आवाज चढतो. लांब गिटार सोलो आवडत असतील तर ट्रिओला जरूर जा. गायकीसाठी जात असाल तर पियानो किंवा ऑर्गन असलेला चार-पाच जणांचा बँड बरा.

'रिव्ह्यू' म्हणजे बहुतेक वेळा एकच बँड आणि त्याच्यासोबत एकामागून एक येणारे गायक. सोलमध्ये गिटारवादक कमी वाजवतो, पण अचूक जागी वाजवतो. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर (खरखरीत, कडक आवाजाचा ड्रम) पडतो, त्याच्याबरोबर गिटारचा छोटासा छाट येतो. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी ध्वनिमुद्रणांमागे 'बुकर टी. अँड द एमजीज' हा चौघांचाच बँड होता : ऑर्गन, गिटार, बेस, ड्रम्स. त्यावर हॉर्न सेक्शन आणि ओटिस रेडिंगसारखा गायक. त्यामुळे सोलच्या जाहिरातीत ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन वाजवणाऱ्यांची नावं आहेत का, ते शोधा. हॉर्नची कामगिरी कीबोर्डवर उरकणार असतील तर निम्मी मजा गेली, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या तुटक फटकाऱ्यांत वादकांचा श्वास असतो आणि तीन श्वास एकत्र सुटल्यावर जो धक्का बसतो तो बटणातून येत नाही.

रूट्स रॉकच्या यादीत अकूस्टिक गिटार, मँडोलिन, फिडल (व्हायोलिन), पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार) यांपैकी काहीतरी असायला हवं. काहीच नसेल तर तो साधा रॉकचा कार्यक्रम असण्याची शक्यता जास्त.

आणखी एक : जाहिरातीतली वेळ दरवाजे उघडण्याची आहे की वादन सुरू होण्याची, ते नीट वाचा. आधी दुसरा बँड वाजवणार असेल तर मुख्य बँड दरवाजे उघडल्यावर तास-दोन तासांनीही मंचावर येऊ शकतो.

प्रश्न : ब्लूजची सगळी गाणी मला एकसारखीच वाटतात. माझं ऐकायचं काय चुकतंय?

उत्तर : चुकत काहीच नाही. बहुतेक गाण्यांचा सांगाडा खरोखरच एक असतो. तो सांगाडा एकदा कानात बसला की त्यावर प्रत्येक बँड काय वेगळं करतो, ते ऐकू यायला लागतं.

बारा बारचं एक आवर्तन, प्रत्येक बारमध्ये चार ठोके, म्हणजे एकूण ४८. गाणं 'ई' या सुरात असेल तर पहिले चार बार ई सेव्हन ही कॉर्ड, पुढचे दोन ए सेव्हन, परत दोन ई सेव्हन. नववा बार बी सेव्हन, दहावा ए सेव्हन, अकरावा ई सेव्हन आणि बारावा बी सेव्हन, तो पुन्हा पहिल्या बारवर आणून सोडतो. शेवटच्या दोन बारांना टर्नअराउंड म्हणतात. समेवर येण्याचा जो आनंद ठाऊक आहे, तोच इथे शोधा. काही गाण्यांत दुसऱ्याच बारमध्ये ए सेव्हन येऊन जातो, त्याला क्विक चेंज म्हणतात.

शब्दही याच मापात बसतात. पहिली ओळ चार बारांत. तीच ओळ पुन्हा पुढच्या चार बारांत, पण आता खालची कॉर्ड बदललेली असते, म्हणून तेच शब्द वेगळे लागतात. तिसरी ओळ त्या दोघींना उत्तर देते. आणि खरी गंमत पुढे आहे. गायक चार बारांपैकी साधारण दोन बारच गातो. उरलेल्या दोन बारांत गिटार, हार्मोनिका किंवा पियानो त्याला जवाब देतो. बी. बी. किंग गाताना सहसा गिटार वाजवत नसत, ओळ संपली की गिटारला बोलू देत. पुढच्या कार्यक्रमात निदान एका गाण्यापुरतं गायकाकडे लक्ष न देता फक्त ही उत्तरं ऐका.

मग लय. शफलमध्ये प्रत्येक ठोक्याचे तीन भाग धरतात आणि पहिला व तिसरा वाजवतात, मधला गाळतात. संथ ब्लूजमध्ये तिन्ही भाग हाय-हॅटवर (पायाने उघडझाप करायच्या झांजांच्या जोडीवर) मोकळे ऐकू येतात. तो वेग सांभाळणं हे ड्रमरचं सर्वांत अवघड काम, कारण सोलो रंगात आला की हात आपोआप पळायला लागतो. संथ गाण्यात वेग पहिल्यापासून शेवटपर्यंत ठरला तिथेच राहिला, तर बँड पक्का आहे असं समजा.

स्वरांचं म्हणाल तर तिसऱ्या स्वराकडे कान द्या. कोमल आणि शुद्ध यांच्या मधली जागा गिटारवादक तार ढकलून गाठतो. किती ढकलायची आणि तिथे किती थांबायचं, यावरून दोन वादक लगेच वेगळे ओळखू येतात. आणि प्रत्येक ब्लूज बारा बारांचाच असतो असंही नाही. आठ बारांची गाणी आहेत. जॉन ली हूकर तर एकाच कॉर्डवर अख्खं गाणं नेत आणि ओळ लांबली तर बारही वाढवत. असं काही चालू असताना मोजत बसू नका, पायाच्या ठेक्याला धरून राहा.

प्रश्न : पुढच्या रांगेत उभं राहूनही गायकाचे शब्द कळत नाहीत, गिटार मात्र कान फाडते. ध्वनियंत्रणा वाईट असते का?

उत्तर : बहुतेक वेळा तुमची जागा वाईट असते. गायकाचा आवाज ज्या मुख्य स्पीकरमधून येतो, ते मंचाच्या दोन्ही कडांना आणि पुढच्या बाजूला असतात. अगदी पुढे मधोमध उभे राहिलात तर तुम्ही त्यांच्या माऱ्याच्या बाहेर पडता. तिथे पोचतात ते ड्रम्स, गिटारचा अँप्लिफायर आणि गायकाकडे तोंड केलेल्या मॉनिटर स्पीकरचा पाठमोरा, बोदा आवाज. शिवाय गिटार अँपचे तीव्र स्वर स्पीकरच्या मध्यातून झोतासारखे सरळ निघतात. त्या रेषेत उभ्या असलेल्याचे कान फाटतात आणि दोन पावलं बाजूच्याला तीच गिटार मऊ लागते.

म्हणून सगळे आवाज जुळवायच्या मिक्सरजवळ उभे राहा. ध्वनिसंयोजक तिथे जे ऐकतो त्यावरूनच सगळं ठरवतो. मिक्सर कोपऱ्यात कोंबलेला असेल तर दोन मुख्य स्पीकरमध्ये जितकं अंतर आहे, साधारण तितकंच अंतर त्यांच्यापासून मागे या आणि मध्याच्या आसपास थांबा. भिंतीला टेकू नका. भिंतीशी आणि विशेषतः कोपऱ्यात खर्जाचे स्वर फुगतात, बेस एकसलग घरघर वाटतो. मीटरभर पुढे सरकलं तरी फरक कळतो. बाल्कनीच्या खाली खोलवर उभं राहिलात तर वरचे स्वर हरवतात.

'गायकाचा आवाज वाढवा' असं सगळेच सांगतात, पण छोट्या जागेत ते नेहमी शक्य नसतं. गायकाच्या माइकमध्ये त्याच्या मागची झांज आणि गिटारही शिरते. माइक वाढवला की तेही वाढतं आणि आणखी वाढवला की शिट्टी सुटते. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली की शिट्टी आणखी लवकर सुटते. मागून येणारा आवाज टाळण्याची माइकची रचनाच त्यामुळे निकामी होते.

खरा उपाय मंचावरचा आवाज कमी करणं हा आहे. व्हॉल्व्हच्या (जुन्या धर्तीच्या, काचेच्या नळ्यांच्या) अँपचा तो जाड, किंचित फाटका सूर अँप जोरात चालवल्यावरच निघतो. ८५ वॉटचा 'ट्विन रिव्हर्ब' अँप त्या बिंदूपर्यंत नेला तर छोटं सभागृह बुडतं. २२ वॉटचा डिलक्स रिव्हर्ब तिथे बराच लवकर पोचतो. तो खुर्चीवर ठेवून किंवा मागे कलता करून वादकाच्या कानाकडे वळवला, म्हणजे वादकालाही नीट ऐकू येतं आणि आवाज चढवत राहायची गरज उरत नाही. मंचावर छोटा, कलता ठेवलेला अँप दिसला की त्या गिटारवादकाबद्दल आमचं मत आधीच चांगलं होतं.

पहिल्या दोन-तीन गाण्यांवरून निकाल देऊ नका. चाचणी रिकाम्या सभागृहात झालेली असते. माणसं भरली की ती वरचे स्वर शोषून घेतात आणि सगळा समतोल नव्याने बसवावा लागतो. त्यानंतरही शब्द कळत नसतील तर दोन गाण्यांच्या मध्ये ध्वनिसंयोजकाला शांतपणे आणि नेमकं सांगा : 'डाव्या बाजूला मागे गाणं ऐकू येत नाही.' 'आवाज खराब आहे' एवढंच सांगितलं तर त्याला काहीच करता येत नाही.

प्रश्न : कार्यक्रमानंतर कानात सूंऽऽ आवाज येत राहतो. काळजीचं कारण आहे का? मुलांना नेलं तर चालेल का?

उत्तर : आहे. तो आवाज म्हणजे कानावर ताण आल्याची खूण. अमेरिकेच्या 'नायोश' या संस्थेच्या कामाच्या ठिकाणांसाठीच्या मापाप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं मानक दिलं. छोट्या जागेत मंचाजवळ तेवढा आवाज सहज होतो.

फोमचे इअरप्लग चालतात, पण बरेच जण ते नुसते कानाच्या तोंडाशी अडकवतात. प्लग बोटांत वळून बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नीट बसला तर स्वतःचं बोलणं खोल, घुमल्यासारखं ऐकू येतं. फोम वरचे स्वर जास्त खातो, म्हणून झांज आणि शब्द बोथट वाटतात. वारंवार जात असाल तर सगळे स्वर सारखेच कमी करणारे संगीतासाठीचे प्लग घ्या. ते लावल्यावर आवाज फक्त लहान होतो, मळकट होत नाही.

लहान मुलांना पूर्ण कान झाकणारे इअरमफ लावा आणि मागे बसवा. प्रवेशाची वयोमर्यादा तिकीट काढण्याआधी विचारा. कानातला आवाज दुसऱ्या दिवशीही टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एका कानाने अचानक कमी ऐकू आलं तर त्याच दिवशी जा.

प्रश्न : ऑर्गनवादकाच्या शेजारी एक मोठी लाकडी पेटी होती आणि तिच्या आत काहीतरी गरगर फिरत होतं. ते काय?

उत्तर : ते लेस्ली स्पीकर. वरच्या कप्प्यात भोंगा फिरतो. त्याला दोन तोंडं दिसतात, पण आवाज एकातूनच येतो, दुसरं नुसतं तोल सांभाळतं. खालच्या कप्प्यात १५ इंची स्पीकरच्या खाली एक पोकळ ड्रम फिरतो. भोंगा तुमच्याकडे येताना सूर किंचित चढतो, दूर जाताना उतरतो, त्यातून ती थरथर तयार होते. संथ आणि जलद असे दोन वेग असतात. वादकाने बटण दाबलं की हलका भोंगा चटकन वेग घेतो आणि जड ड्रम मागून सावकाश येतो. हा मधला काही सेकंदांचा चढ म्हणजे सोल ऑर्गनचा प्राण. चांगला वादक तो ओळीच्या नेमक्या शेवटी आणतो.

१९५४ पासून बनलेला हॅमंड बी-३ हा या घराण्यातला सर्वांत नावाजलेला ऑर्गन. आत फिरणाऱ्या ९१ दातेरी चकत्यांतून त्याचा सूर तयार होतो. बाकडं आणि पायपट्ट्या धरून त्याचं वजन दोनशे किलोच्या घरात जातं, म्हणून दौऱ्यावर बरेच जण हलका कीबोर्ड आणि खरा लेस्ली अशी जोडी नेतात. ती तडजोड आम्हाला पूर्ण मान्य आहे. पेटीच्या झडपा दिसतील अशा जागी बसा.

प्रश्न : मला हार्मोनिका येते. कार्यक्रमानंतरच्या खुल्या जॅममध्ये (कुणीही मंचावर येऊन वाजवायच्या मैफलीत) वाजवायचं आहे. काय तयारी करू?

उत्तर : आधी हार्मोनिका योग्य सुरांच्या न्या. ब्लूजमध्ये गाणं ज्या सुरात असेल त्याच्या चौथ्या सुराची हार्मोनिका वापरतात : 'ई'ला ए, 'ए'ला डी, 'जी'ला सी, 'सी'ला एफ, 'डी'ला जी. या पाच असल्या की जॅममधली बहुतेक गाणी निभतात. मायनरमधलं (कोमल गंधाराचं) गाणं निघालं आणि थर्ड पोझिशनचा (गाण्याच्या सुराहून एक सूर खालची हार्मोनिका वापरण्याचा) सराव नसेल तर थांबा. असेल तर ए मायनरला जी घ्या. वाजवण्याआधी हार्मोनिका हातात धरून कोमट करा आणि तोंड पाण्याने खळखळून घ्या. रीड अडकली तर छिद्रं खाली करून तळहातावर आपटा, लाळ निघून जाते.

मंचावर गेल्यावर बँडचा पुढारी काय म्हणतो ते ऐका. 'शफल इन ए, क्विक चेंज, फ्रॉम द फाइव्ह' यातला 'फाइव्ह' म्हणजे पाचव्या सुराची कॉर्ड, म्हणून सुरुवात पहिल्या बारपासून नाही, नवव्यापासून. गायक गात असताना वाजवू नका, ओळीनंतरच्या दोन बारांत या. तिथे गिटार उत्तर देत असेल तर तेही सोडा. सोलो मिळाला तर एक किंवा दोन आवर्तनं घ्या आणि दुसऱ्याच्या शेवटी पुढाऱ्याकडे बघा. गायकाचा माइक हार्मोनिकेभोवती मुठीत धरण्याआधी ध्वनिसंयोजकाला विचारा, नाहीतर पहिल्याच स्वराला शिट्टी सुटेल.

प्रश्न : मोबाइलवर केलेलं ध्वनिमुद्रण नेहमी फाटकं का येतं?

उत्तर : मंचाजवळचा आवाज मोबाइलच्या माइकच्या क्षमतेबाहेर जातो आणि तो तिथेच फाटतो. नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने तो सरळ होत नाही. मिक्सरपाशी मागे या, माइकचं छिद्र बोटाखाली येत नाही ना ते पाहा आणि दहा सेकंद मुद्रण करून ऐकून घ्या. पडद्याचा उजेड अगदी कमी करा, फ्लॅश बंद ठेवा. ध्वनिमुद्रण कुठे टाकणार असाल तर बँडची परवानगी आधी घ्या. छोटे बँड सहसा हो म्हणतात.