टाकी रिकामी, दिवे मात्र दोन

मोटरहोम म्हणजे राहायची सोय असलेली गाडी. तिच्यातल्या नळकामाच्या तक्रारींना मी या सदरात उत्तरं देतो. या खेपेच्या पत्रांना एकच वास आहे, शिळ्या तेलाचा. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकावर ढकलली आणि ही पाच घेतली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो: सिंक आणि अंघोळीचं पाणी जातं ती ग्रे टाकी, संडासाची ती ब्लॅक टाकी.

प्रश्न: आम्ही दोघं वर्षभर मोटरहोममध्येच राहतोय. महिनाभर झाला, स्वयंपाकाच्या सिंकमधलं पाणी हळूहळू उतरतं. ग्रे टाकी पूर्ण रिकामी केली तरी टाकी किती भरली ते दाखवणाऱ्या पॅनेलवरच्या तीन दिव्यांपैकी दोन लागलेलेच राहतात, आणि दुपारी गाडी तापली की आंबूस, ओशट वास सुटतो. भांडी मी नेहमी भरपूर साबण आणि गरम पाण्यानेच धुते. मग तेल अडकतं कुठे? सेन्सर बदलून घ्यावा का?

उत्तर: सेन्सर बदलू नका, निदान आज तरी नाही.

बहुतेक गाड्यांत हा सेन्सर म्हणजे टाकीच्या भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर बसवलेले धातूचे स्क्रू. पाणी स्क्रूपर्यंत चढलं की बारीकसा वीजप्रवाह जातो आणि दिवा लागतो. तेलातून तर वीज जात नाही, मग तेलाने दिवा कसा लागेल, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो, आणि त्या नादात तीन रविवार घालवले. लोकांच्या गाड्या दुरुस्त करून मी पोट भरत होतो, आणि माझ्याच गाडीतले दोन दिवे विझत नव्हते. पहिल्या रविवारी पॅनेल बदललं. दुसऱ्या रविवारी वायरी तपासल्या, एक उगाचच बदलली. तिसऱ्या रविवारी गाडीखाली पाठीवर पडून मधला स्क्रू काढला. त्याच्या टोकाला राखाडी-पिवळं काहीतरी लपेटलेलं होतं. नखाने खरवडलं तर मेणासारखी ढलपी निघाली. ती दोन बोटांत चोळली तर हाताच्या उबेने पाघळली, आणि आतून खरकट्याचे कण आणि एक लांब केस निघाला. नुसतं तेल नव्हतंच ते. साबण, मीठ आणि खरकटं धरून बसलेला ओला चिकटा होता. अशा ओल्या थरातून वीज आरामात जाते, टाकीत पाण्याचा थेंब नसला तरी. माझी बायको वाकून बघत म्हणाली, "हेच तू लोकांकडून पैसे घेऊन दुरुस्त करतोस ना?"

आता तुमच्या साबणाबद्दल. साबणाने तेल नाहीसं होत नाही. साबणाचे कण तेलाच्या बारीक थेंबांना वेढतात आणि पाण्याबरोबर वाहून नेतात, एवढंच. घरात ते बरं वाटतं, कारण मिनिटाभरात ते पाणी नजरेआड होतं. तुमच्या गाडीत ते हातभर पुढे जाऊन टाकीत थांबतं, चार-पाच दिवस. तिथे अंघोळीचं पाणी मिसळून साबण पातळ होतो, पाणी गार होतं, आणि तेलाचे थेंब साबणाची संगत सोडून पुन्हा एकमेकांना चिकटतात. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, खोबरेल २४च्या आसपास. फरशीखालच्या टाकीतलं पाणी थंडीत त्याच्या खूप खाली असतं. पातळ राहणारं तेल तरी सुटतं का? तेही नाही. तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी जुना ओघळ कसा डिंकासारखा चिकट होतो, बघा. हवा लागून तेल घट्ट होतं, ते टाकीच्या भिंतीवरही तसंच होतं. पाणी जड असेल तर त्यातला कॅल्शियम चरबीशी जुळून पाण्यात न विरघळणारा साका तयार करतो, तो वेगळाच.

हे फक्त आपल्या छोट्या टाक्यांचं दुखणं नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात चरबी आणि ओल्या वाइप्सचा जो गठ्ठा सापडला, तो २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा होता. त्याचा एक तुकडा पुढच्या वर्षी तिथल्या संग्रहालयात मांडला होता. त्या वाइप्सवरून आठवलं, ताटं पुसायला त्या वापरत असाल तर खुशाल वापरा, पण सिंकमध्ये किंवा संडासात टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

उपाय सिंकपासून सुरू करू. सिंकखाली वळणाचा जो पाईप असतो, तो ट्रॅप. त्याखाली बादली ठेवा, नाहीतर माझ्यासारखा गालिचा धुवावा लागेल. दोन्ही बाजूंच्या चकत्या हातानेच सुटतात. पक्कड लावली तर प्लास्टिकचे आटे जातात. सोडवताना आतली रबरी वायसर कोणत्या तोंडाने बसली आहे याचा फोटो काढून ठेवा, कारण परत बसवताना ती हमखास उलटी बसते आणि दोष चकतीवर येतो. ट्रॅपमधला गाळ कागदावर काढून कोरड्या कचऱ्यात टाका. तो त्याच सिंकमध्ये धुणारे लोक मी पाहिले आहेत.

ट्रॅप साफ निघाला आणि तरी पाणी हळू उतरत असेल, तर मात्र तेलाला दोष देऊ नका. बऱ्याच गाड्यांत सिंकखाली उभ्या पाईपच्या टोकाला हवा आत घेणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो अडकला की पाण्यामागे हवा जात नाही, पाणी गुळगुळ आवाज करत रेंगाळतं. तो फिरवून काढा आणि सिंकमध्ये पाणी सोडा. आता पाणी सरसर उतरलं तर रोग तिथेच आहे. नवा व्हॉल्व्ह बसवेपर्यंत पाईपचं तोंड मोकळं ठेवू नका, टाकीतली हवा थेट घरात येते.

मग टाकी. ती पूर्ण रिकामी करून टाकीचा, पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह बंद करा. हाताला सोसेल इतपत गरम पाण्याने पाव ते एक तृतीयांश भरा, त्यात अर्धा कप भांड्यांचा पातळ साबण घाला आणि गाडी चालवा. वळणं, ब्रेक, खड्डे, जे एरवी नको असतं ते सगळं इथे कामाचं आहे, कारण पाणी हिंदकळून भिंती आणि स्क्रू धुतं. टाकी पूर्ण भरून हिंदकळणार काहीच नाही, रिकामी ठेवून धुणार काहीच नाही. पाण्याचं वजन लिटरला एक किलो असतं हे विसरू नका. गाडी आधीच सामानाने लादलेली असेल तर हा खेळ थोड्या पाण्यात करा. रात्रभर ते पाणी तसंच राहू द्या, सकाळी सोडा. वर्षभराचा थर असेल तर एका फेरीत जाणार नाही, माझ्या गाडीला चार लागल्या. दुसऱ्या फेरीनंतर एक दिवा विझला तेव्हा मी बायकोला झोपेतून उठवून दाखवला. तिला विशेष काही वाटलं नाही.

शेवटी टाकी साध्या पाण्याने काठोकाठ भरा आणि डम्पच्या जागीच, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या ठरलेल्या जागी, व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण उघडा. सुटलेला गाळ त्या लोंढ्याबरोबर जातो. अर्धवट उघडलात तर पाणी जाईल आणि गाळ मागे बसेल.

एन्झाइम आणि जिवाणूंची द्रावणं मिळतात, ती काम करतात, पण घाईत नाही. त्यातलं लायपेस नावाचं एन्झाइम तेलाचे तुकडे करतं, जिवाणू ते तुकडे खातात. त्यांना ऊब आणि काही दिवस द्या. त्या काळात टाकीत ब्लीच जाता कामा नये, नाहीतर विकत आणलेले जिवाणू तुम्हीच माराल.

हे सगळं करून झालं तरी ताटावरचं तेल खाली जातच राहिलं, तर वर्षभराने तुमचं पुन्हा हेच पत्र येईल. हिशेब सोपा आहे. रोज एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली तेल सिंकमध्ये गेलं, तर वर्षाला पावणेदोन लिटरच्या वर होतं. म्हणून आमच्याकडे एकही ओशट भांडं पुसल्याशिवाय सिंकला लागत नाही. पॅन कोमट असतानाच, पार गार होण्याआधी, वर्तमानपत्राच्या तुकड्याने कडेकडेने निपटून घ्यायचं. घट्ट होणारी चरबी असेल तर उलट, गार होऊ द्यायची आणि सिलिकॉनच्या उलथन्याने खरवडायची. तळणीचं उरलेलं तेल झाकणाच्या डब्यात जमतं, डबा भरला की कचऱ्यात. झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही, किडे आणि जनावरं रात्री तिथेच येतात. पुसलेल्या भांड्याला साबणही निम्मा पुरतो आणि टाकी एखादा दिवस उशिरा भरते.

प्रश्न: मित्रमंडळी तीन उपाय सांगतात: उकळतं पाणी, खायचा सोडा-व्हिनेगर आणि टाकीत बर्फ टाकून गाडी चालवणं. यातलं कोणतं खरं?

उत्तर: उकळतं पाणी सोडा, म्हणजे सोडून द्या. गाडीतले पाईप प्लास्टिकचे, सांधे रबराचे आणि सिमेंट-गोंदाचे. आधणाच्या पाण्याने सांधा मऊ पडून गळायला लागलेली गाडी माझ्याकडे आली होती. फरशी उचकटावी लागली. शिवाय वितळलेलं तेल दोन हात पुढे जाऊन पुन्हा गोठतं, आणि तिथपर्यंत तुमचा हात पोचत नाही.

सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारून टाकतात. फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा, मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी, तेल जिथल्या तिथे. वास थोडा कमी होतो, म्हणून लोक खूश.

बर्फ मी स्वतः करून पाहिला आहे. पाण्यात तो तरंगतो, तळाच्या थराला घासणार कधी? पाणी कमी ठेवलं तर खडखडाट छान होतो, आणि गार पडलेली चरबी आणखी घट्ट बसते.

प्रश्न: दुकानातलं तेजाबासारखं कडक ड्रेन क्लीनर थोडंसं वापरलं तर?

उत्तर: नको. त्यात बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात पडला की भयंकर तापतो, रबरी सील आणि ॲल्युमिनियम खातो. घरी तो वाहून जातो, तुमच्याकडे टाकीत साठून राहतो, आणि व्हॉल्व्ह उघडताना तुमच्याच हातावर उडतो. डम्पची जागा सेप्टिक टाकीला जोडलेली असेल तर तिथले जिवाणूही मरतात. आणि एक सांगून ठेवतो, ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतंही ॲसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि मोटरहोमची खोली केवढीशी असते.

प्रश्न: गटाराची जोडणी असलेल्या जागी आठ-आठ दिवस मुक्काम असतो. तेव्हा ग्रे टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवते, पाणी साठण्याची भानगडच नको. चालेल ना?

उत्तर: सोयीचं आहे, पण तेलाला हेच आवडतं. उघड्या टाकीत पाणी तळावरून झिरपत जातं, चिकटा मागे ठेवून. वर गटारातला वास आणि माशा त्याच वाटेने आत येतात. व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकी दोन तृतीयांश भरली की सोडा. ब्लॅक टाकी आधी, ग्रे नंतर, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज, टाकी सोडायचा तो लवचिक पाईप, तोही धुऊन निघतो. व्हॉल्व्हचं पातं जड सरकत असेल तर जोर लावू नका. त्याच्या खाचेत हाच चिकटा भरलेला असतो, आणि वरची साबणाची फेरी त्यालाही चालते.

प्रश्न: सगळं पटतं, पण आमचे हे ताट पुसायला तयार नाहीत. "साबण कशाला आणलाय मग?" म्हणतात. काय सांगू?

उत्तर: सांगू काही नका. पुढच्या वेळी ट्रॅप त्यांनाच उघडायला द्या. बादली मोठी ठेवा.