आईच्या वऱ्हाडी बोलण्यावर कोणतं सॉफ्टवेअर चालेल?

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे, माहेर वाशीमकडच्या खेड्यातलं. तिच्या आठवणी मी दोन वर्षं मोबाईलवर रेकॉर्ड करतेय, तीसेक तास झालेत. नोकरी सांभाळून एवढं हाताने टाईप करणं होत नाही म्हणून गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग, विंडोज ११ मधलं आणि व्हिस्पर (ओपनएआय कंपनीचं, बोलणं ऐकून लिहून देणारं सॉफ्टवेअर) अशी तिन्ही वापरून बघितली. चुका तिन्हीत आहेत आणि ऑफिसात प्रत्येकजण वेगळंच नाव सांगतो. जास्त अचूक कोणतं हे ठरवायचं कसं?
– एक वाचक, अकोला

उत्तर : लोक सांगतात ते त्यांच्या आवाजावरून सांगतात, तुम्हाला हवंय ते आईच्या आवाजावरचं. तेव्हा टेस्ट तुम्हीच घ्या, एका रविवारचं काम आहे.

वेगवेगळ्या दिवसांच्या रेकॉर्डिंगमधून मिनिटभराचे तीन तुकडे काढा. एक स्वच्छ, एक मागे पंखा किंवा कुकर चालू असलेला, आणि एक जिथे आई रंगात येऊन भरभर बोलतेय असा. तिला पेपर वाचायला लावून टेस्ट करू नका, वाचताना माणूस शब्द सुटे सुटे आणि प्रमाण उच्चारात बोलतं, त्यामुळे निकाल उगाच चांगला दिसतो. मग ते तुकडे स्वतः टाईप करा, अगदी ती बोलली तसेच, अडखळून दोनदा म्हटलेला शब्दही दोनदा.

आता यात एक गोष्ट आधी ठरवावी लागेल. आई ‘शाया’ म्हणाली आणि सॉफ्टवेअरने ‘शाळा’ लिहिलं, तर ती चूक धरायची का? ‘मी सांगून राह्यली’ चं ‘मी सांगत आहे’ झालं तर? मला विचाराल तर पहिलं सोडून द्या, तो फक्त उच्चार आहे, पण दुसरं मी चूकच धरेन कारण तिथे आईची भाषाच बदलली. तुमचं मत वेगळं असू शकतं, फक्त एकदा ठरवलेला नियम तिन्ही सॉफ्टवेअरना सारखा लावा.

रेकॉर्डिंग ऐकवण्याची पद्धतही सारखीच पाहिजे. व्हिस्परला फाईल सरळ देता येते पण व्हॉइस टायपिंग माईकवरून ऐकतं, मग आपण काय करतो, मोबाईल लॅपटॉपशेजारी ठेवून स्पीकरवर लावतो आणि त्यात खोलीचा आवाज घुसतो, आणि मग तुलनेला अर्थ राहत नाही. काही विंडोज कॉम्प्युटरवर साउंड सेटिंगमध्ये ‘स्टिरिओ मिक्स’ असतं, नसेल तर व्हर्च्युअल केबलचं छोटं सॉफ्टवेअर टाका, म्हणजे आवाज आतल्या आत जातो.

मोजणी सोपी आहे. बदललेले शब्द, गळलेले शब्द आणि मनाने घातलेले शब्द यांची बेरीज करा आणि तुम्ही टाईप केलेल्या एकूण शब्दांनी भागा. समजा २०० शब्दांत १४ बदलले, ६ गळले, ४ जास्तीचे आले, तर २४ भागिले २००, म्हणजे १२ टक्के, साधारण दर आठवा शब्द चुकीचा. याला वर्ड एरर रेट म्हणतात, जेवढा कमी तेवढं बरं.

मोजणी कॉम्प्युटरकडून करून घेणार असाल तर मराठीत एक फसगत होते. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिला जातो, एकात खाली नुक्ता म्हणजे टिंब असलेला ऱ असतो आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना शब्द तोच दिसतो, पण कॉम्प्युटर चूक मोजतो! ‘ॲ’ आणि ‘ऍ’ चं तेच, आकड्यांचं तेच, आई ‘अडीचशे’ म्हणाली आणि तिथे २५० आलं तर ती काही चूक नाही. ‘घरा वर’ असं तुटलं तर एका चुकीच्या दोन होतात. म्हणून हे सगळं आधी एकसारखं करून घ्या, किंवा २०० शब्दच आहेत तर हातानेच मोजा, मी तेच करते.

टक्केवारी आली तरी चुका वाचून काढाच. ‘वावरात’ चं ‘वावरत’ झालं तर संदर्भावरून कळतं, पण ‘दिलं नाही’ मधलं ‘नाही’ गळलं तर आईच्या आयुष्यातली गोष्टच उलटी होते आणि पुढे वाचणाऱ्या नातवंडांना ते कधी कळणारही नाही. व्हिस्परमध्ये वेगळाच धोका आहे, आई बोलता बोलता गप्प झाली की त्या शांततेत ते कधीकधी कुणीच न बोललेलं अख्खं वाक्य लिहून टाकतं, आणि आठवणी सांगणारं माणूस तर गप्प होणारच. त्या जागा रेकॉर्डिंग लावून तपासा.

प्रश्न : घरातल्या खासगी गोष्टी आहेत, इंटरनेटवर न चढवता हे होईल का?

उत्तर : होईल. व्हिस्पर २०२२ पासून मोफत मिळतं आणि एकदा डाऊनलोड केलं की आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं. पण त्यात लहानमोठी मॉडेलं आहेत, मराठीसाठी लहान घेऊ नका, खूप चुकतं. टेस्ट मोठ्यावरच घ्या, साध्या लॅपटॉपवर वेळ लागेल, रात्री लावून झोपा. गूगल डॉक्सच्या व्हॉइस टायपिंगला मात्र इंटरनेट लागतंच.