लिनक्स फोनवर गाण्यांसाठी कुठलं ॲप ठेवायचं?

प्रश्न: आम्ही कॉलेजातली काही पोरं मिळून जुन्या वनप्लस ६ वर आणि एका पाइनफोनवर (लिनक्ससाठीच बनवलेला फोन) पोस्टमार्केटओएस (फोनसाठीचं लिनक्स) टाकतोय, वर फॉश (फोनच्या स्क्रीनसाठीचा इंटरफेस), आणि हे फोन ज्युनियर्सना वापरायला देणार आहोत. बाकी सगळं ठरलं पण म्युझिक प्लेयरवर गाडी अडलीये. एक म्हणतो लॉलीपॉप, एक म्हणतो ॲम्बेरॉल, तिसऱ्याला एलिसाच पाहिजे. डिफॉल्ट कुठला ठेवू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: तिघांचंही नको, गॅपलेस ठेवा. आधी याचंच नाव जी४म्युझिक होतं, त्यामुळे जुन्या लेखांत त्या नावाने सापडेल.

आता का ते सांगतो. ॲम्बेरॉल दिसायला भारीच आहे, अल्बमच्या कव्हरप्रमाणे अख्ख्या खिडकीचा रंग बदलतो, पण त्यात लायब्ररीच नाहीये हो, फोल्डर ओढून टाका आणि ऐका एवढंच, म्हणजे ज्याला "कलाकार निवडला, अल्बम निवडला" अशी सवय आहे तो ज्युनियर पहिल्याच दिवशी विचारणार की माझी गाणी कुठायत. लॉलीपॉपमध्ये लायब्ररी आहे, छोट्या स्क्रीनवर नीट बसतं, पण ते पायथनमध्ये लिहिलंय आणि जुन्या जीटीके ३ वर (ॲपच्या खिडक्या-बटणं बनवायचं टूलकिट) आहे, वनप्लसवर चालून जाईल, पाइनफोनवर मात्र ऑलविनर ए६४ चिप आणि २ किंवा ३ जीबी रॅम, तिथे मोठं कलेक्शन दिलंत तर जड जातं. एलिसा चांगलं आहे, पण ते केडीई या दुसऱ्या प्रकल्पाचं, फॉशऐवजी त्यांचा प्लाझ्मा मोबाइल लावला असता तर मी डोळे झाकून तेच सांगितलं असतं. फॉशवर एका ॲपसाठी क्यूटीचा (केडीईवाले वापरतात ते टूलकिट) सगळा पसारा ओढून आणायचा कशाला? गॅपलेस व्हाला भाषेत लिहिलेलं आहे, जीटीके ४ वर चालतं, हजारो गाणी असली तरी पटकन उघडतं. शिवाय लाइव्ह मैफलीचे ट्रॅक तोडलेले असले तरी मध्ये खड्डा न पडता वाजतात, नाव त्यावरूनच.

पण खरी परीक्षा दिसण्याची नाही, झोपेची आहे. फॉशवर फोन थोडा वेळ रिकामा राहिला की सस्पेंड होतो, म्हणजे झोपी जातो, आणि प्लेयरने "मी वाजवतोय, थांब" असं सिस्टिमला सांगितलं नाही तर ऐन अंतऱ्यात गाणं बंद. म्हणून जे ठेवाल ते असं तपासा: चार्जर काढा (हे विसरू नका, चार्जिंगला असताना आणि बॅटरीवर असताना सस्पेंडची सेटिंग वेगवेगळी असते, पुष्कळ लोक टेबलावर केबल लावून टेस्ट करतात आणि मग बसमध्ये फसतात), गाणं लावा, स्क्रीन लॉक करा, फोन खिशात टाका आणि सस्पेंडची वेळ उलटून जाऊ द्या. अजून वाजतंय? पास. मग लॉक स्क्रीनवर गाण्याचं नाव आणि पॉज-नेक्स्टची बटणं येतात का बघा, ते काम एमप्रिस नावाच्या सोयीने होतं. हेडफोनचं बटणही दाबून बघा.

फ्लॅटपॅकवाली आवृत्ती (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या कप्प्यात चालणारं पॅकेज) टाकलीत तर एक भानगड: बरेचदा ॲपला फक्त होममधला म्युझिक फोल्डर दिसतो, बाहेरचं काहीच दिसत नाही, मग पाइनफोनमध्ये एसडी कार्ड घालणारा म्हणतो ॲप बिघडलंय. फ्लॅटसील या परवानग्या बदलायच्या ॲपमधून परवानगी द्या किंवा सरळ पोस्टमार्केटओएसच्या रिपॉझिटरीतलं पॅकेज घ्या.

आणि ॲप टाकलं म्हणजे ते डिफॉल्ट झालं असं नाही. फाइल मॅनेजरमध्ये एमपी३ वर टॅप केलं की व्हिडिओ प्लेयर उघडतो, हे नेहमीचं. एका फोनवर सेटिंग्जमधल्या डिफॉल्ट ॲप्समधून बदलता येतं, पण तुम्ही एकाहून जास्त फोन तयार करताय तर ईटीसीतल्या एक्सडीजी फोल्डरमध्ये (/etc/xdg) माइमॲप्सची यादी (mimeapps.list, कुठली फाइल कुठल्या ॲपने उघडायची ती) एकदाच लिहा, एमपी३, फ्लॅक, ऑग सगळ्यांसाठी. ज्युनियरने नंतर स्वतःचं काही निवडलं तर त्याचंच चालेल. ॲम्बेरॉलवाल्या मित्राला सांगा, तू तुझं टाकून घे बाबा.

प्रश्न: लिनक्स फोनवर मराठी गाण्यांची नावं नीट दिसत नाहीत. प्लेयर बदलू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: प्लेयरचा दोष नाही बहुतेक. चौकोन दिसत असतील तर फॉन्टच नाहीये, पोस्टमार्केटओएसवर नोटो देवनागरीचं पॅकेज टाका, काम झालं. टोपीवाली विचित्र रोमन अक्षरं दिसत असतील तर गाण्याचा टॅग (फाइलमध्येच लिहिलेलं नाव, कलाकार वगैरे) चुकीच्या एन्कोडिंगने (अक्षरं साठवायच्या पद्धतीने) वाचला जातोय. आणि नाव मध्येच तुटत असेल तर तो जुना आयडी३ व्ही१ टॅग, त्यात नावाला फक्त ३० बाइट, युनिकोड देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे दहाच चिन्हं, त्यात काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजायच्या! कॉम्प्युटरवर किड३ या टॅग बदलायच्या ॲपमध्ये उघडून व्ही२ टॅग करा, जुना उडवा. आधी फाइलींची एक कॉपी काढून ठेवा मात्र.