सायटेशनचा आकडा फॉर्मवर उतरवण्याआधी प्रोफाइल तपासा

नांदेडच्या ताई, पदोन्नतीच्या फॉर्मवर सायटेशनचा कोणता आकडा लिहायचा, ही तुमची पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीची माझीच फाइल डोळ्यांसमोर आली. गूगल स्कॉलरवर हजारोंनी सायटेशन (इतरांनी आपल्या पेपरचे दिलेले संदर्भ), स्कोपस या शोधनिबंधांच्या दुसऱ्या सूचीत जेमतेम दोनशे, आणि पदोन्नतीच्या छाननीत "यातलं खरं कोणतं?" हा प्रश्न. मीही मनोविकार आणि फेफऱ्याच्या जनुकांवरच काम करते. एच-इंडेक्स २० म्हणजे किमान वीस-वीस सायटेशन मिळालेले २० पेपर, हे तुम्हाला ठाऊक असणारच.

माझी चूक आधी सांगते. माझं आडनाव जाधव, आद्याक्षर एस. प्रोफाइल तयार करताना गूगल स्कॉलर विचारतं, नवे लेख आपोआप जोडू का? मी हो म्हटलं आणि दोन वर्षं तिकडे फिरकले नाही. फॉर्मची शेवटची तारीख आली तेव्हा रात्री अकरा वाजता दिसला तो आकडा उतरवला आणि प्रिंट फाइलला लावली. छाननीच्या टेबलावर बाईंनी पान उलटलं आणि लाल पेनाने एका ओळीभोवती गोल केला. तुरीच्या मर रोगावरचा पेपर होता तो! त्याच्याखाली धरणातल्या गाळावरचा. एकूण चौदा पेपर दुसऱ्याच कुणा एस. जाधवांचे निघाले. "हे काढून उद्या नवी यादी आणून देते" म्हटलं, तर "सादर झालेल्या फाइलीत दुरुस्ती चालत नाही." माझे खरे पेपरही त्यांच्यासोबत बाद झाले. पुढची समिती बसेपर्यंत एकवीस महिने गेले. कार्यालयाचं नाव घेत नाही. पण लेखी कारण द्या म्हणून चार अर्ज केले, एकाचंही उत्तर आलं नाही. चूक माझी होती, मान्य. तरी खरे पेपर वेगळे काढायला अर्धा तास पुरला असता. परभणीपासून उदगीरपर्यंत घरोघरी फिरून, पेशंटच्या आईला समजावून एकेक नमुना गोळा केलेला असतो. त्या कामाला अर्धा तास मिळाला नाही, याचा त्रास अजून होतो.

"एका पेपरवर तीनशे नावं, यात तुमचं काय?" हे तुम्हालाही विचारतील. आपल्या विषयात एकेका जनुकीय फरकाचा परिणाम फार लहान असतो, म्हणून नमुने प्रचंड लागतात, हे समितीला सांगावंच लागतं. स्किझोफ्रेनियाच्या २०१४ च्या पेपरात सुमारे ३७ हजार रुग्ण आणि १ लाख १३ हजार निरोगी लोक होते, तेव्हा कुठे आजाराशी जोडलेल्या जनुकसंचातल्या १०८ जागा सापडल्या. फेफऱ्याच्या २०२३ च्या पेपरात २९,९४४ रुग्ण आणि २६ जागा. असा एक पेपर सायटेशन हजारोंनी वाढवतो, पण एच-इंडेक्स फार तर एकाने. म्हणून माझं ठाम मत आहे की एकच बेरीज द्यायची नाही. दोन तक्ते करा, स्वतःचे पेपर एकात, कन्सॉर्शियमचे, म्हणजे अनेक संस्थांच्या मोठ्या गटाचे, दुसऱ्यात. दुसऱ्यात प्रत्येक पेपरसमोर तुमचं काम लिहा. "नमुने पुरवले" एवढं पुरत नाही; किती कुटुंबं, झटक्यांचा प्रकार कुणी ठरवला, ईईजी (मेंदूचे विद्युत आलेख) कुणी वाचले, हे लिहा. नाव मुख्य लेखकांत आहे की शेवटच्या सहयोगींच्या यादीत, तेही पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीत पाहून घ्या. सहयोगी असलेले पेपर मी गुणांसाठी धरतच नाही.

"मनोविकार आणि फेफरं, हे दोन वेगळे विषय" असं कुणी म्हटलं तर १५क्यू१३.३, म्हणजे पंधराव्या गुणसूत्रावरचा एक भाग, दाखवा. गुणसूत्राचा तोच तुकडा गळालेला २००८ मध्ये स्किझोफ्रेनियात आणि २००९ मध्ये फेफऱ्यात सापडला. माझ्या दुसऱ्या मुलाखतीत हे उदाहरण लगेच पटलं.

गुणांचं म्हणाल तर मी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे भरलं. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर प्रथम, प्रमुख किंवा पत्रव्यवहार पाहणाऱ्या लेखकाला पेपरच्या गुणांचे ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३०. मेडिकल कॉलेजचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे तुमच्या जाहिरातीतलं कलम आधी वाचा, माझ्या भरवशावर राहू नका.

लग्नाआधीचे पेपर माहेरच्या नावावर असतील तर स्कोपसमध्ये दोन प्रोफाइल झालेली असतील. ती एकत्र करायचा अर्ज आजच टाका आणि ऑर्किड (ORCID) या संशोधकांच्या ओळख-क्रमांकाच्या नोंदीत दोन्ही नावं नोंदवा. फाइल देताना प्रत्येक पानाची झेरॉक्स ठेवा, आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. यादी इथे टाकलीत तर रविवारी एकेक ओळ तपासून देते.