वीस वेळा ऐकलं, तरी चढलं नाही

प्रश्न : २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांसाठी ए. आर. रहमाननं केलेलं 'ओ यारो, ये इंडिया बुला लिया' मला तेव्हाही आवडलं नव्हतं. परवा मुलानं यूट्यूबवर लावलं, आताही नाही आवडलं. घरातले रहमानभक्त म्हणतात, 'त्याचं गाणं हळूहळू चढतं, दहा वेळा ऐका.' मी वीस वेळा ऐकलं. माझ्या कानात दोष आहे का?
– एक वाचक, बदलापूर

उत्तर : कानाच्या डॉक्टरकडे जाऊ नका, पैसे वाचवा. मी सांगलीकडच्या एका ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं की-बोर्ड वाजवला. गाणं बसवायचं म्हणजे आवडो न आवडो, ते चाळीस-पन्नास वेळा ऐकावंच लागतं. त्यामुळे 'चढण्या'च्या बाबतीत माझा अनुभव तुमच्या दुप्पट धरा.

रहमान चढतो, हे खरंच आहे. 'बॉम्बे'मधलं 'कहना ही क्या' बसवायला घेतलं, तेव्हा सुरुवातीचा तो 'गुमसुम गुमसुम गुपचुप' कोरस मला नुसती भरती वाटला होता. आमच्याकडे कोरसला मोजून दोन मुली, त्यातल्या एकीचा घसा बसलेला. म्हटलं, उडवून टाकू. उडवला आणि मुखडा एकदम लंगडाच झाला. गायिका तीच, सूर तेच, पण गाणं पुढे सरकेना. शेवटी ढोलकीवाल्यालासुद्धा कोरसमध्ये उभा केला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं, की आपण ज्याला भरती म्हणत होतो त्यावरच सगळा डोलारा उभा आहे. दर वेळी ऐकताना असं काहीतरी हाताला लागत गेलं, की गाणं चढतं.

'इंडिया बुला लिया'नं माझ्या हाताला काही लागू दिलं नाही. गाणं २८ ऑगस्टला गुडगावला जाहीर झालं, स्पर्धा ३ ऑक्टोबरपासून. मधल्या सप्टेंबरात एका क्रीडा संकुलाच्या कार्यक्रमाची आम्हाला सुपारी होती, आणि त्यांना हेच गाणं हवं होतं. आठ दिवस घासलं. आमचा ऑक्टोपॅडवाला दहावीत तीनदा बसलेला, पण ठेक्याचा पक्का. तो सारखा विचारायचा, "ताई, पब्लिकनं हात वर कुठं करायचे?" मला उत्तर देता येईना. 'जियो, उठो, बढो, जीतो' इथं करावेत, तर त्या चार आज्ञा. शाळेच्या भिंतीवर रंगवलेला सुविचार वाचून कोणी हात वर करतं का? कार्यक्रम झाला, टाळ्या पडल्या, बक्षिसं वाटली गेली. पुढे कुठल्याही गावात त्या गाण्याच्या फर्माईशीची चिठ्ठी मात्र आली नाही.

तेव्हा सगळ्यांनी त्याला शकिराच्या 'वाका वाका'शी तोललं, ते मला अन्यायाचं वाटतं. फुटबॉल विश्वचषकाचं ते गाणं काहीच महिन्यांपूर्वी गाजलेलं, त्यामुळे तुलना होणारच होती. पण त्याचा कोरस शकिराच्या घरचा नव्हे. कॅमेरूनच्या गोल्डन साउंड्स या बँडच्या १९८६ च्या 'झांगालेवा'मधून तो आला. म्हणजे लोकांनी चोवीस वर्षं तोंडात घोळवून गुळगुळीत केलेली ओळ! रहमानला पाटी कोरी होती.

तुलना करायचीच तर त्याच्याच १९९७ च्या 'माँ तुझे सलाम'शी करा. तेही देशाचंच गाणं, स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं, आणि दोन्ही वेळा सोबत दिग्दर्शक भारत बाला. पण तिथं एक हाक आहे, एकच, आणि ती वर जाऊन थांबते. आमच्या गायकाला तो सूर कधीच लागला नाही. पंधरा ऑगस्टला तो त्या जागी आला, की पहिल्या रांगेतले पोलीसपाटीलसुद्धा त्याच्या मदतीला धावायचे.

टीका झाल्यावर रहमाननं गाण्यात बदल केले, हे त्याचं मोठेपण. पण मुखडाच धरत नसेल तर लय वाढवून काय होणार? उद्घाटनाला त्यानं हे गायलं आणि 'जय हो'ही गायलं. त्यातलं आज लग्नाच्या वरातीत कुठलं वाजतं, ते तुम्हीच बघा.

प्रश्न : मी कोलकात्यात राहते, सासर बंगाली. 'पिप्पा' चित्रपटातलं रहमाननं चाल बदललेलं 'कारार ओइ लौह कपाट' लागलं आणि सासूबाईंनी टीव्हीच बंद केला. मला तर चाल गोड वाटली. चुकलं का?
– एक वाचक, कोलकाता

उत्तर : गोड वाटली ना, तिथंच घोडं पेंड खातंय. बंगाली कवी काझी नझरुल इस्लाम यांनी हे लिहिलं ते स्वातंत्र्यलढ्यातले नेते चित्तरंजन दास तुरुंगात असताना. १९२२ साली ते छापून आलं. तुरुंगाचं लोखंडी दार तोडा, असं सांगणारं गाणं आहे ते. रहमानच्या चालीत दार तोडायला निघालेली माणसं नौकाविहाराला निघाल्यासारखी वाटतात. उद्या कोणी 'ने मजसी ने'ला पाळण्याची चाल लावली, तर तुमच्या माहेरी काय होईल? २०२३ मध्ये बंगाल आणि बांगलादेश, दोन्हीकडे लोक चिडले. शब्द वापरायची परवानगी दिली होती, चाल बदलायची नव्हे, असं नझरुल यांच्या घरच्यांकडून सांगण्यात आलं, आणि निर्मात्यांनी माफी मागितली. सासूबाईंना म्हणावं जुनी चाल म्हणून दाखवा. म्हणतील, आणि टेबलावर मूठ आपटून म्हणतील.

प्रश्न : नवरा रहमानचा कट्टर भक्त. त्याच्यासमोर हे सगळं बोलावं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : जेवण झाल्यावर.