निवडणुकीतल्या पैशाबद्दल आम्ही कॉलेजची पोरं नेमकं काय करू शकतो?

तुम्ही विचारलंय की मुंबईत एसवायला असताना आझाद मैदानात फलक धरून बसण्यापलीकडे काही करता येतं का. येतं. पण काम कंटाळवाणं आहे, आधीच सांगतो.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला आम्ही पाच जणांनी एका सभेत खुर्च्या मोजल्या. एका रांगेत ४०, रांगा ५२. शिवाय जवळजवळ प्रत्येक खुर्चीवर पाण्याची बाटली. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो आणि तो कुणालाही १ रुपया भरून बघता येतो. निवडणूक नियमांतला ८८ वा नियम. आम्ही गेलो. कारकुनाने चष्म्यावरून बघत विचारलं, "कुठल्या पक्षाचे?" "कॉलेजचे," म्हटलं. तिसऱ्या फेरीला फाइल मिळाली. त्या दिवशीच्या खुर्च्या: ६००. पाण्याचा उल्लेखच नाही.

तक्रार दिली. पोच मिळाली, उत्तर नाही.

चूक आमचीही होती. तक्रार प्रचार चालू असतानाच करायला हवी होती. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर जागेवरच फोटो टाकता येतो आणि १०० मिनिटांत दखल घेण्याचं बंधन आहे. खुर्ची, चहा, मंडप यांचे दर जिल्हा प्रशासन ठरवून देतं, त्यामुळे दरात फारशी लबाडी करता येत नाही. लबाडी होते ती संख्येत, आणि संख्या मोजायला पोरंच लागतात.

अर्थात हे भोक लहान आहे. आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा, लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही! तिथे लढाई कागदाचीच आहे. निवडणूक रोखे, म्हणजे देणगीदाराचं नाव गुप्त ठेवून पक्षाला पैसे द्यायची सोय, २०१८ पासून चालू होते. ते सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवले. अर्जदारांत एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) ही संस्था होती, आयआयएम अहमदाबादच्या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये सुरू केलेली. उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे आज आपण प्रतिज्ञापत्रात वाचतो, तेही तिच्याच याचिकेमुळे. रोखे विकणाऱ्या स्टेट बँकेने त्यांची माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती. कोर्टाने ती नाकारली आणि मार्चमध्येच देणगीदारांच्या याद्या बाहेर आल्या.

सुरुवात घरातूनच करायची असेल तर लिंगडोह समितीच्या शिफारशी वाचा. विद्यार्थी निवडणुकीत उमेदवाराला ५,००० रुपयांची मर्यादा, छापील पोस्टर चालत नाही आणि दोन आठवड्यांत हिशेब द्यायचा. म्हणजे नियम पोरांना कडक, पक्षांना सैल. (हे मी वर्गात बोललो तर सर म्हणाले, आधी हजेरी बघ.)

आणि फाइल बघायला जाताना १ रुपया सुटा न्या. माझ्याकडे ५०० ची नोट होती. शेवटी शिपायाने स्वतःच्या खिशातून दिला.