तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : अंक मोबाईलवर आला, पण वाचता येतोय का?

पाडव्यापासून आपण छापील अंकासोबत मोबाईलवरही अंक द्यायला लागलो, तेव्हापासून कविता कमी आणि तक्रारीच जास्त येतायत, आणि बहुतेक तक्रारी खऱ्या आहेत. म्हणून ह्या वेळचं अख्खं सदर ह्याच विषयाला दिलंय.

प्रश्न : संपादकांना सप्रेम नमस्कार. माझं वय 79, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. नातू तुमचा अंक व्हॉट्सअॅपवर उघडून देतो, पण अक्षर मुंगीएवढं. मोठं करावं तर अर्धी ओळ स्क्रीनच्या बाहेर, मग बोटाने सरकवत बसा, आणि परत येईपर्यंत पुढची ओळ कुठली तेच सापडत नाही. ह्याला वाचन म्हणायचं का?
— एक आजी, रामबाग, इंदूर (नातवाने टाइप केलं)

आजी, नमस्कार. नाही म्हणायचं. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि चूक आमची आहे.

काय झालंय सांगते. आम्ही प्रेसला जी फाइल देतो तीच पीडीएफ तुम्हाला पाठवतो. पीडीएफ 1993 मधे निघाली तेव्हा तिचा उद्देशच हा होता की कागदावरचं पान कुठल्याही कॉम्प्युटरवर अगदी तसंच्या तसं दिसावं, एक ओळ इकडची तिकडे होऊ नये. छपाईसाठी हे वरदान आहे. पण दोन कॉलमचं मोठं पान तळहाताएवढ्या स्क्रीनवर तसंच्या तसं दाखवलं तर अक्षर मुंगीएवढं होणारच ना. तुम्हाला हवं आहे वाहतं अक्षर, म्हणजे अक्षर मोठं केलं की ओळ आपोआप मोडून खालच्या ओळीवर आली पाहिजे. ईपब नावाच्या फाइलमधे हे होतं, साध्या वेबपेजवरही होतं.

मग आम्ही ते का करत नाही? कारण फॉन्ट. आपल्याकडे डीटीपी (कॉम्प्युटरवर टाइप करून पानं लावणं) आलं तेव्हापासून वर्षानुवर्षं सगळी मराठी श्रीलिपी, आकृती असल्या फॉन्टमधे टाइप झाली. त्यात कॉम्प्युटरला 'क' म्हणजे 'क' हे माहीतच नसतं, तो मनात कुठलंतरी इंग्रजी अक्षर धरून बसतो आणि फॉन्ट त्यावर 'क' चा मुखवटा चढवतो, आणि फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडतो. मी स्वतः आपल्या एका जुन्या दिवाळी अंकाची फाइल घरच्या लॅपटॉपवर उघडली तर एका चांगल्या कथेच्या जागी कंस, टक्क्याची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची भेळ दिसली, पोटात धस्स झालं. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. त्यात देवनागरी 1991 पासून आहे, तिथे 'क' हा जगात सगळीकडे 'क' च असतो, पण आपल्या डीटीपीवाल्यांच्या हाताला जुना कीबोर्ड बसलेला आणि लेआउटची जुनी सॉफ्टवेअरं युनिकोड मराठी नीट घेतच नव्हती, म्हणून आपण तिथेच राहिलो.

आता जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर मिळतात पण ते चुका करतात. जुन्या फॉन्टमधे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमधे ती अक्षरानंतर येते, त्यामुळे जोडाक्षर आलं की गडबड. 'स्थिती' चं 'स्िथती' होतं, 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' होतं, रफार एक घर सरकून भलत्याच डोक्यावर बसतो. हे मशिनला कळत नाही, माणसालाच प्रत्येक ओळ वाचावी लागते. एका अंकाला मला आणि आमच्या मुद्रितशोधक काकांना चार संध्याकाळी लागल्या.

पण आजी, पुढच्या अंकापासून किमान कथा आणि ललित लेख तुम्हाला वेबपेजवर मिळतील, हा शब्द. आणि एक गोष्ट नातवाला सांगा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधे ॲक्सेसिबिलिटी आहे, त्यात 'सिलेक्ट टू स्पीक' चालू केलं की स्क्रीनवरचा मजकूर फोन मराठीत वाचून दाखवतो. आवाज जरा कोरडा आहे, स्वल्पविरामाला थांबतो पण कवितेला अजिबात न्याय देत नाही. माझी आई तरी दुपारी ह्याच्यावर लेख ऐकते, एका हाताने भाजी निवडत. मात्र अक्षर खरं युनिकोड असेल तरच हे नीट होतं. मुखवट्याचं अक्षर फोनने वाचलं तर नुसती इंग्रजी अक्षरं ऐकू येतील.

प्रश्न : कागद नाही, छपाई नाही, पोस्ट नाही. तरी मोबाईल अंकाचे पैसे कशाचे घेता? नेटवरचं सगळं फुकट असतं.
— एक वाचक, देवास

दादा, तुमचा प्रश्न पुष्कळांच्या मनात आहे म्हणून सरळ सांगते. कागद, शाई, बाइंडिंग, पोस्ट हा खर्च खरंच वाचतो. उरतं काय तर लेखकाचं मानधन (आपलं कमी आहे, ते वाढावं अशी माझी इच्छा), चित्रकार, टायपिंग, वर सांगितलं ते प्रूफ, आणि दरवर्षी डोमेनचं (म्हणजे वेबसाइटच्या नावाचं) नूतनीकरण आणि सर्व्हरचं भाडं. छापील अंक एकदा घरोघरी पोचला की त्याच्यावर पुन्हा खर्च नाही. डिजिटल अंकाचं भाडं दरवर्षी भरावं लागतं, न भरलं तर अंक दिसेनासा होतो.

आणि जाहिराती. छापील अंकात खजूरी बाजारातला दुकानदार पान घेतो कारण ते पान त्याच्या ओळखीच्या घरात टीपॉयवर पडलेलं असतं, त्याला ते डोळ्यांनी दिसतं. मोबाईलवरच्या अंकात तो अजून पैसे घालायला तयार नाही आणि मी त्याला दोष देत नाही. म्हणून वर्गणी. पूर्वी मनीऑर्डरचा फॉर्म भरावा लागायचा, आता यूपीआयचा क्यूआर स्कॅन केला की झालं, बेंगळुरूचा वाचकसुद्धा मिनिटभरात वर्गणी भरतो. ही सोय डिजिटलची मोठी कमाई आहे असं मी मानते, कारण माळव्यातली अर्धी मराठी मुलं नोकरीला बाहेर गेली आहेत आणि त्यांच्या पत्त्यावर अंक पाठवावा तर पत्ताच दर वर्षी बदलतो. मोबाईल नंबर मात्र तोच राहतो.

प्रश्न : माझ्या आईची कथा तुमच्या एका जुन्या अंकात आली होती. आई आता नाही. तुम्ही सगळे जुने अंक स्कॅन करून नेटवर का टाकत नाही? फक्त स्कॅनरच तर लागतो.
— मूळ इंदूरची, हल्ली पुणे

ताई, तुमचं पत्र वाचून मी कपाट उघडलं. अंक सापडला, पानं पिवळी झालीत आणि स्टेपलचा गंज आईच्या कथेच्या पहिल्याच पानावर उतरलाय, पण अक्षर अन् अक्षर वाचता येतंय. त्याच कपाटात सीडीचा एक डबा आहे, त्यात काही वर्षांचे अंक 'सुरक्षित' ठेवले होते, त्यातल्या अर्ध्याहून जास्त सीडी आता उघडतच नाहीत. बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण 6 जानेवारी 1832 ला निघालं आणि 1840 मधे बंद पडलं, त्याचे अंक आजही वाचता येतात, आणि आमचा सीडीवरचा अंक वाचता येत नाही. हे मला फार लागतं. छापील पुस्तकाच्या प्रती 1954 च्या कायद्याने देशातल्या चार मोठ्या ग्रंथालयांत जातात, तशी सोय मोबाईल अंकाला नाही, त्याला आपल्यालाच जपायचं आहे. म्हणून आता प्रत्येक अंक तीन ठिकाणी ठेवतो, एक हार्ड डिस्क ऑफिसात, एक दुसऱ्याच्या घरी, एक क्लाउडवर.

स्कॅनरचं म्हणाल तर तो आहे. अडचण परवानगीची आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे असतात. तेव्हा लेखकांनी लेख छापायला दिला होता, नेटवर टाकायला नाही, आणि कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीपासून तर कायदाच म्हणतो की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं त्याचे हक्क करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय जात नाहीत. आपल्याकडे करार कसला, एक पोस्टकार्ड असायचं 'कथा स्वीकारली' म्हणून. त्यामुळे प्रत्येक लेखकाला किंवा घरच्यांना शोधून विचारायचं, आणि हे काम मला टाळायचं नाही कारण लेख त्यांचा आहे.

तुम्ही वारस आहात तर तुमच्या आणि भावंडांच्या सह्यांचं एक साधं पत्र पाठवा, आईची कथा सगळ्यात आधी चढवू. स्कॅन 300 डीपीआयने (म्हणजे इंचाला 300 ठिपके) करून गूगल ड्राइव्हवर टाकलं आणि गूगल डॉक्समधे उघडलं की ते चित्रातून मराठी मजकूर काढून देतं, बऱ्यापैकी चांगला, फक्त जुन्या खिळ्यांच्या छपाईतला 'ख' त्याला 'रव' वाटतो आणि 'खाणे' चं 'रवाणे' होतं, 'ध' चा 'घ' होतो. आईच्या कथेचं प्रूफ तुम्ही स्वतः वाचाल का? तिची भाषा तुमच्याइतकी कोणाला माहीत असणार.

प्रश्न : अंक फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड केला तर चालेल का?
— सुदामा नगर

घरात एक छापील अंक पाच जण वाचतातच, तसं घरच्यांना पाठवा, आमची हरकत नाही. दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकू नका, तिथे फक्त एखाद्या लेखाची लिंक द्या. लिंकवरून आलेला वाचक आम्हाला मोजता येतो, फॉरवर्ड झालेली पीडीएफ कोणी उघडली की नाही ते कधीच कळत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, मोबाईल जेमतेम येतो, पण शुद्धलेखन पक्कं आहे. माझा काही उपयोग?
— लोकमान्य नगर

बाई, तुमचीच वाट बघत होतो. कन्व्हर्ट केलेल्या कथांचे आम्ही मोठ्या अक्षरात प्रिंट काढून ठेवलेत, तुम्ही लाल पेनाने खुणा करायच्या, कॉम्प्युटरला हात लावायची गरज नाही, दुरुस्त्या आमचा मुलगा भरेल. येत्या रविवारी सकाळी 10 ला ऑफिसात या, जिना चढायला त्रास होत असेल तर खालूनच फोन करा, गठ्ठा खाली आणून देऊ. पहिला गठ्ठा 34 पानांचा आहे, त्यात 'दुसर्या' फार आहेत.